पुण्यातल्या थंडीत सरावासाठी फिक्स्ड गिअर सायकल चालवावी का?

हो, जरूर चालवा. या सायकलीत पेडल मागच्या चाकाशी कायम जोडलेलं असतं. युरोपात हिवाळ्यात ती वापरण्याचं एक कारण चिखल आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ: गिअर बदलायची यंत्रणाच नाही, म्हणजे देखभाल कमी. आपल्या कोरड्या थंडीत ते कारण लागू नाही, पण पायांना मिळणारी शिस्त इथेही तितकीच मोलाची. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच, त्यामुळे विसावा नाही आणि पाय गोल, सलग फिरवायची सवय लागते.

सुरुवातीला साखळीच्या पुढच्या चक्राला ४२ आणि मागच्या चक्राला १८ दाते ठेवा. ताशी ३० किमीला मिनिटाला पेडलचे साधारण १०० फेरे पडतात. सिंहगड, दिवे घाट मात्र नकोच. ताशी ४५ च्या उतारावर हेच फेरे दीडशेवर जातात आणि पाय आवरत नाहीत. पुढचा ब्रेक हवाच, कुणी काहीही म्हणो. वळणावर पेडल रस्त्याला घासू शकतं, तिथे वेग आधीच कमी करा. गुडघा दुखला तर मागे २० दाते लावा, पेडल हलकं होतं.