जपानीत ‘करता येते’ कसे म्हणावे?

प्रश्न : वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या जपानी पर्यटकांसाठी गाइड व्हायचे म्हणून जपानी शिकतो आहे. ‘करता येते’ हे क्रियापदातूनच कसे दाखवायचे? ‘ताबेरेरु’ (खाता येते) लिहिले की आमच्या बाई चूक देतात, पण मालिकांत तेच ऐकू येते.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : जपानी क्रियापदांचे रूपे कशी बदलतात त्यानुसार गट पडतात. पहिल्या गटात शेवटच्या उकाराचा एकार करून ‘रु’ जोडा : काकु (लिहिणे)–काकेरु, नोमु (पिणे)–नोमेरु. मात्सुचे (वाट पाहणे) मात्र मातेरु. दुसऱ्या गटात (‘इरु’ किंवा ‘एरु’ने संपणारी बहुतेक क्रियापदे) ‘रु’ काढून ‘रारेरु’ लावा : ताबेरु–ताबेरारेरु. बोलताना यातला ‘रा’ सर्रास गाळतात, म्हणून तुम्ही ऐकता तेही खरेच; परीक्षेत आणि लेखनात मात्र पूर्ण रूपच हवे. सुरुचे (करणे) देकिरु, कुरुचे (येणे) कोरारेरु.

खरी अडचण गट ओळखण्यात येते. काएरु (परतणे) दिसते दुसऱ्या गटातले, पण आहे पहिल्यातले : काएरेरु. किरु म्हणजे कापणे असेल तर किरेरु, अंगात घालणे असेल तर किरारेरु. अशी क्रियापदे वहीत गटासह लिहून ठेवा. कर्मानंतरचा ‘ओ’ हा प्रत्यय बहुधा ‘गा’ होतो : निहोंगो गा हानासेमासु (जपानी बोलता येते).

गाइडला मिएरु आणि मिरारेरु यांतला फरक पक्का हवा. व्ह्यू पॉइंटवरून लेणी सहज नजरेस पडतात, तिथे मिएरु. पाहण्याची सोय किंवा मुभा असेल तर मिरारेरु. वेरूळ मंगळवारी बंद असते. त्या दिवशी ‘क्योओ वा सेक्कुत्सु गा मिरारेमासेन’ (आज लेणी पाहता येत नाहीत) म्हणा. ‘मिएमासेन’ म्हटलेत तर धुक्यामुळे लेणी दिसत नाहीत, असा अर्थ निघेल.