किनाऱ्यावरचा मुक्काम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जवळच्या समुद्रकिनारी उद्यानात फारशी वर्दळ नसते. तेथे झाडांची सावली आहे, बसायला बाके आहेत आणि तंबू ठोकण्यास परवानगीही आहे. मुलांसह एक रात्र तेथे काढण्याचा विचार आहे. तंबू नेमका कोठे उभारावा?

उत्तर : मुक्कामाचा बेत पक्का करण्याआधी आपण त्याच किनाऱ्यावर एक पूर्ण दिवस नुसत्या सहलीसाठी जावे, असे मी आग्रहाने सांगेन. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले की भरती आणि ओहोटी डोळ्यांदेखत होते, पाणी कोठपर्यंत चढते ते कळते आणि सावली कोणत्या वेळी कोठे सरकते तेही लक्षात येते. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. म्हणजे दुपारी पाहिलेल्या भरतीची जोडीदार रात्री, आपण गाढ झोपेत असताना येते.

भरती कोठपर्यंत येते याची नोंद वाळूवरच असते. वाळलेल्या शेवाळाचे पुंजके, काटक्या आणि शिंपल्यांचा चुरा यांची एक लांबलचक रेषा किनाऱ्यालगत दिसते. ओलसर, ताजी रेषा मागच्या भरतीची असते. तिच्या बऱ्याच वर, कोरडी आणि अर्धवट वाळूखाली गेलेली आणखी एक रेषा बहुधा सापडते, ती उधाणाची. तंबू या जुन्या रेषेच्याही वर हवा. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असल्याने पाणी कमी चढते. त्या दिवसांत पाहणी करून ताजी रेषा प्रमाण मानली आणि मुक्कामाला मात्र पौर्णिमेला किंवा अमावस्येला गेले, तर हिशेब चुकतो. उधाणाचा जोर या तिथींनंतर एक-दोन दिवसही टिकतो. भरतीच्या तक्त्यात म्हणूनच वेळेइतकीच पाण्याची उंचीही पाहावी, आणि समुद्राकडून जोराचा वारा सुटला असेल तर पाणी तक्त्यातल्या आकड्याच्या पुढे जाऊ शकते हे गृहीत धरावे.

पाण्यापासून दूर जायचे म्हणून वाळूच्या टेकड्यांवर चढणे मात्र टाळावे. तेथे पसरलेली मर्यादवेल आणि खुरटे गवत यांच्या मुळांनीच ती वाळू धरून ठेवलेली असते. एका तंबूखाली दबलेला वेलीचा पट्टा वाळला की उघडी पडलेली वाळू वाऱ्याबरोबर निघून जाते. उद्यानाने तंबूंसाठी जागा आखून दिली असेल, तर तीच घ्यावी. झाडाखाली बसण्याआधी वर पाहून वाळलेल्या फांद्या नाहीत ना, याची खात्री करावी.

प्रश्न : वाळूत तंबूच्या खुंट्या टिकत नाहीत, जरा वारा आला की उपटून येतात. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : मऊ वाळूत उभी ठोकलेली खुंटी टिकत नाही, म्हणून ती आडवी पुरावी. दोरी खुंटीच्या मध्यभागी बांधून सुमारे अर्धा मीटर खोल चर खणावा, खुंटी दोरीशी काटकोनात आडवी ठेवावी, वर वाळू लोटावी, पाणी ओतून ती पायाने घट्ट दाबावी. खुंटीऐवजी वाळूने भरलेली कापडी पिशवी पुरली तर पकड आणखी चांगली येते, आणि निघताना ती रिकामी करून घडी घालून परत नेता येते.

वाऱ्याची दिशाही लक्षात घ्यावी. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे येतात. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर थंड होते आणि मतलई वारे उलट दिशेने वाहू लागतात. संध्याकाळच्या वाऱ्याकडे पाठ करून लावलेल्या तंबूचे दार पहाटे वाऱ्याच्या तोंडाशी येऊ शकते, म्हणून चारही बाजूंच्या दोऱ्या सारख्याच ताणाव्यात. गडगडाट ऐकू आला तर तंबूच्या आधाराने थांबू नये. पक्की इमारत किंवा बंद मोटार गाठावी.

प्रश्न : रात्री शेकोटी पेटवली तर चालेल का?

उत्तर : उद्यानाचा नियम परवानगी देत असेल तरच, आणि तीही नेमून दिलेल्या जागी. मला विचाराल तर स्वयंपाकासाठी छोटी शेगडी पुरते; ती तंबूच्या आत मात्र कधीही पेटवू नये, कारण कोंडलेल्या जागेत साठणारा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. लाटांनी आणून टाकलेले ओंडके जाळू नयेत. त्यांच्या आडोशाला वाळू साठते, लहान जीव आसरा घेतात, शिवाय खारे लाकूड जळताना निघणारा धूर अपायकारक असतो.

शेकोटी विझवताना बहुतेक जण निखाऱ्यांवर वाळू लोटतात. ही सवय फार धोक्याची आहे. वाळूखाली निखारे तासन्‌तास तप्त राहतात, वरून काहीच दिसत नाही, आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलाचा पाय नेमका तेथेच पडतो. भरपूर पाणी ओतावे, राख ढवळावी, पुन्हा पाणी ओतावे आणि हात लावता येईल इतकी ती थंड झाल्यावरच जागा सोडावी.

प्रश्न : लाटा फुटत नाहीत अशा शांत पट्ट्यात मुलांना पोहू द्यावे का?

उत्तर : नाही, आणि ही गोष्ट घरातील प्रत्येकाला नीट समजावून सांगावी. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी समुद्राकडे परतताना पाण्याखालच्या वाळूच्या बांधांमधील खोलगट वाटेने जोरात जाते. यालाच रिप करंट म्हणतात. तेथे पाणी खोल असल्याने लाटा फुटत नाहीत आणि दोन्ही बाजूंना फेस असताना मधला पट्टा गडद व निवांत दिसतो. या ओढीचा वेग कधी कधी सेकंदाला २ मीटरच्याही पुढे जातो, आणि त्याविरुद्ध तरबेज पोहणाऱ्याचेही काही चालत नाही. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, दूर नेतो. त्यात सापडल्यास थेट किनाऱ्याकडे झुंजत राहण्याऐवजी तरंगत राहावे, किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे आणि मग परतावे. काठावरच्याने मागोमाग उडी न घेता, घट्ट झाकण लावलेला रिकामा कॅन किंवा तरंगणारी दुसरी एखादी वस्तू फेकावी आणि मदत बोलवावी. शांत किनाऱ्यावर जीवरक्षक बहुधा नसतात, त्यामुळे मुले पाण्यात असेपर्यंत एका मोठ्या माणसाने दुसरे कोणतेही काम हाती घेऊ नये.

प्रश्न : आमच्या किनाऱ्यावर कासवे अंडी घालतात असे ऐकले आहे. रात्री विजेरी वापरावी का?

उत्तर : शक्य तितकी कमी, आणि लागलीच तर लाल प्रकाशाची, जमिनीकडे झुकवून. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने चालतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचे असते, पण तंबूतला पांढरा दिवा त्यांना उलट दिशेला ओढून नेतो. अंडी घालण्यासाठी वर आलेली मादीही उजेड आणि हालचाल पाहून परत फिरते. ती दिसल्यास जागच्या जागी थांबावे, फ्लॅश वापरू नये.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मुलांनी दिवसभर खणलेले खड्डे अंधार पडण्याआधी बुजवावेत. गुडघाभर खड्ड्यात पडलेले पिल्लू वर चढू शकत नाही. उरलेले अन्नही वाळूत पुरू नये. त्याच्या वासाने कुत्री येतात, वाळू उकरतात आणि पुढे अंड्यांपर्यंतही पोहोचतात. ते झाकणाच्या डब्यात भरून आपल्याबरोबरच परत न्यावे.