एक्सेलमध्ये पाळणाघराचा रकाना नाही

अनेक आशीर्वाद.

पुण्यात घर कुठे घ्यायचं हे ठरवायला तू केलेली एक्सेलची फाईल मिळाली. वाकड, रावेत, वाघोली. तीन परिसर, अकरा रकाने आणि तळाला हिरव्या रंगात बेरीज. वाघोली जिंकलीय. माझ्या हाताखाली काम करतानाही तू असाच होतास. आकडा कधी चुकायचा नाही, पण एखादा रकानाच राहून जायचा. या वेळी राहिलेला सांगते. संध्याकाळी सव्वासहाला लेकीला पाळणाघरातून कोण आणणार?

तुझं ऑफिस हिंजवडी फेज तीनला, बायकोचं खराडीला. एक पश्चिमेचं टोक, एक पूर्वेचं, मधे सगळं पुणे. दोघांनाही जवळ पडेल असं घर या शहरात नाही, ते शोधण्यात रविवार घालवू नकोस. कोणाला तरी लांब जावंच लागणार. ते लांब जाणं पाच वर्षांच्या पोरीच्या वाट्याला येऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे. घर, शाळा आणि पाळणाघर ही तिन्ही एकमेकांपासून चालत जाता येतील अशी बघ. ऑफिसं नंतर.

हे मी शहाणपणातून नाही, खाल्लेल्या फटक्यातून सांगतेय. २००४ साली आम्ही शहराच्या कडेला फ्लॅट घेतला, कारण तिथे त्याच पैशात एक खोली जास्त मिळत होती. बिल्डरच्या फलकावर 'हिंजवडी फक्त १० मिनिटांवर' असं लिहिलेलं. खोटं नव्हतं, पहाटे पाचला निघालं तर दहाच मिनिटं लागायची. मागून विकास आराखड्यातला (डीपी) रस्ता होणार होता. नकाशावर तो चांगला जाड काढला होता. प्रत्यक्षात तो एका गोठ्यापाशी येऊन थांबला आणि थांबलाच. बारा वर्षं मी गॅलरीतून त्या गोठ्यातली म्हैस बघत होते. म्हणजे आधी ती, मग बहुधा तिची लेक.

माझ्या लेकीची शाळेची व्हॅन सकाळी ६:३५ ला. तिला सगळ्यांत आधी घ्यायचे आणि सगळ्यांत शेवटी सोडायचे, कारण आमची सोसायटी रस्त्याच्या टोकाला. दुपारी परत पोचायची तेव्हा वॉटरबॅगचा पट्टा गळ्यातच आणि पोर झोपलेली. एका जुलैत तुफान पाऊस झाला, मी पुलावर दोन तास अडकले. पाळणाघर सातला बंद व्हायचं. मी पोचले पावणेनऊला. पाळणाघराच्या काकूंनी तिला स्वतःच्या घरी नेऊन वरणभात भरवला होता. मला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हा पाळणाघर आधी शोध. शाळांची जाहिरात होते, त्यांची होत नाही. चांगली पाळणाघरं बहुतेक कुणाच्या तरी तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये असतात, दारात छोट्या चपलांची रांग असते आणि जागा भरलेल्या असतात. तिथल्या काकूंना तीनच गोष्टी विचार: बंद किती वाजता, उशीर झाला तर काय करता, शाळेची व्हॅन तुमच्या दाराशी थांबते का.

शाळेबद्दल फार लिहीत नाही. तुला सीबीएसईच हवंय ते कळलं, आणि त्या शाळा वाकडलाही आहेत, खराडीलाही. फक्त एक विचार करून ठेव. उद्या मराठी माध्यमाचा किंवा सेमी इंग्रजीचा विचार मनात आला, तर शहराच्या कडेला पर्याय फार कमी. त्या शाळा जुन्या पुण्यात. हुजूरपागा १८८४ ची, लक्ष्मी रस्त्यावर. अक्षरनंदन १९९२ ची, सेनापती बापट रस्त्यावर. वस्ती बाहेर सरकली, या शाळा जागच्या जागी राहिल्या. आणि बऱ्याच शाळांचे फॉर्म दिवाळीच्या आगेमागे सुटतात. मे महिन्यात सामान घेऊन आलास तर उरलेल्या जागांतून निवडावं लागेल.

आता वाघोली. तुझ्या कोष्टकात 'मेट्रो येणार' म्हणून तिला दोन गुण आहेत. वनाजकडून चांदणी चौकापर्यंत आणि रामवाडीकडून वाघोलीपर्यंत मार्ग वाढवायला केंद्र सरकारनं जून २०२५ मध्ये मंजुरी दिली, हे बरोबर. पण मंजुरीच्या कागदावर चढून कोणी ऑफिसला जात नाही. पुण्याच्या मेट्रोचं भूमिपूजन झालं डिसेंबर २०१६ मध्ये. पहिला तुकडा धावला मार्च २०२२ मध्ये आणि गाडी रामवाडीला पोचली मार्च २०२४ मध्ये. सव्वासात वर्षं. तेवढ्या काळात तुझी लेक बारा वर्षांची होईल. ते दोन गुण काढ आणि बेरीज परत कर.

पाण्याचा रकाना तू केलायस, पण तिन्ही ठिकाणी 'आहे' एवढंच लिहिलंयस. नुसतं 'आहे' लिहून कसं चालेल? वाकड-रावेत पिंपरी-चिंचवड महापालिकेत. तिथे पवना धरणाचं पाणी, आणि २०१९ पासून ते दिवसाआड. मुळा नदी ओलांडून बालेवाडीला आलास की पुणे महापालिका. हिंजवडी ग्रामपंचायत. वाघोली धरून जी २३ गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी सोसायट्या आजही टँकरवर आहेत. दलालाला पाण्याचं विचारू नकोस. वॉचमनला विचार, 'काल किती टँकर आले?' तो आकडा सांगतो. मग सोसायटीच्या ऑफिसात बसून गेल्या मे महिन्याचं टँकरचं बिल बघायला माग. आमच्या सोसायटीत मेन्टेनन्सची वर्गणी एक आणि 'टँकर वर्गणी' वेगळी असायची. दुसरी पहिलीपेक्षा मोठी झाली त्या सभेत दोन सभ्य गृहस्थ एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते.

मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं? कोथरूडच्या बाजूला, आयडियल कॉलनी किंवा आनंदनगर स्थानकापासून चालत पंधरा मिनिटांत, जुन्या इमारतीत दोन बेडरूमचं घर भाड्यानं घेतलं असतं. तुझी बायको तिथून मेट्रोनं रामवाडीला पाऊण तासाच्या आत जाईल, पुढे खराडीला बस किंवा रिक्षा. हा पुढचा तुकडाच त्रासाचा आहे, हे तिला आधी सांग, लपवू नकोस. तू चांदणी चौकातून बायपासनं हिंजवडीला. चौकातली ती जुनी वाहतूक कोंडी आता पुष्कळ सुटलीय, पण वाकडच्या पुढे भूमकर चौकात तुला तुझा वाटा मिळेलच. दोघंही दमाल. मात्र पोरीची शाळा, पाळणाघर, डॉक्टर, भाजी, सगळं पायाखाली राहील.

कोथरूडचे तोटेही ऐक. पार्किंगची मारामारी, कुठे लिफ्ट नाही, आणि सध्या दर दोन इमारतींमागे एक पुनर्विकासाला निघालेली. घर बघताना घरमालकाला सरळ विचार, 'सोसायटीनं बिल्डर नेमलाय का?' नेमला असेल तर ते घर सोड. नाहीतर अकरा महिन्यांत पुन्हा टेम्पो.

भाड्याचं नाव काढलं की तुझे बाबा म्हणणार, हप्ता भर पण घर स्वतःचं घे. त्यांच्यासमोर हिशेब मांड. ७० लाखांचं घर. बँक ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे ५६ लाख. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी हप्ता साधारण ४८,६०० रुपये. खिशातून १४ लाख. वर मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंस तर शुल्कात एक टक्का वाचतो. ही सवलत लोक विसरतात. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा. एवढं सगळं भरून वर्षाभरात कळलं की शाळा आवडली नाही किंवा दोघांपैकी एकाची नोकरी बदलली, की मग आमच्यासारखी बारा वर्षं म्हैस बघत बसायची. घेऊ नकोस असं नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्यानं काढ, मग त्याच परिसरात घे.

भाडेकरार मात्र नोंदवूनच कर. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही असं दलाल सांगेल. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं ती लागते, आणि जबाबदारी घरमालकाची.

तू घरं रविवारी बघायला येणार असं लिहिलंयस. रविवारी पुण्यात सगळीच घरं जवळ असतात. मंगळवार-बुधवारची रजा टाक, शक्यतो पावसात. सकाळी सव्वाआठला ज्या घराचा विचार आहे तिथून स्वतः हिंजवडीला जाऊन बघ आणि संध्याकाळी साडेसहाला परत ये. बायकोला खराडीची बाजू करू दे. घड्याळ दारातून निघाल्यापासून दारात शिरेपर्यंतचं लाव. एका खेपेत अर्धा तास जास्त गेला तर महिन्याच्या २२ दिवसांत २२ तास होतात. तो रकाना पैशांच्या रकान्याच्या शेजारी ठेव, खाली नको.

कधी येणार ते आदल्या दिवशी कळव. आमच्याकडेच उतरा. लेकीला दिवसभर माझ्यापाशी ठेवा. दुपारी तिला घेऊन मी दोन पाळणाघरं बघून येईन. त्यांतलं एक त्याच काकूंची सून चालवते.

तुझी,
मॅडम (अजून तेच म्हणतोस, म्हणून)