पंधरा तासांत दोन मिनिटं

"नाहीतरी एवढ्या दूर चाललोच आहे, तर सगळ्यांनाच नेतो. शर्यतही होईल आणि पोरांची सहलही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्यानं सुरुवात केली की शेवट मला पाठ असतो. डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी ओलांडणारी सायकल शर्यत एकट्यानं पूर्ण केली, त्या या नागपुरात पहाटे साडेचारला सेमिनरी हिल्सच्या चढावर लुकलुकणारे सायकलींचे लाल दिवे आता कुणाला नवे राहिलेले नाहीत. नवं आहे ते त्या दिव्यांच्या मागे घरात उरणारं माणूस. मी समुपदेशक, म्हणून ते माझ्याकडे येतं आणि म्हणतं, "मॅडम, सहल त्याची आणि हमाली आमची."

रश्मी आणि मनीष (नावं आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) आले तेव्हा शर्यतीला सात महिने होते. सात-आठ भेटी झाल्या, त्यांतले तीन प्रसंग सांगते. मनीष त्रेचाळीसचा, हिंगणा एमआयडीसीत छोटा कारखाना. रश्मी बँकेत. अन्वी अकरा वर्षांची, ओम सहाचा, आणि घरात मनीषची आई, वय अडुसष्ट. शर्यत होती ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टची पूर्ण अंतराची आयर्नमॅन: तलावात ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, मग ४२.२ किलोमीटर धावणं, सगळं एका दमात. जूनचा मध्य. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे मुलांचा एक दिवसही बुडत नाही, हा मनीषचा हुकमी एक्का.

"दोन वर्षं सगळे रविवार गेले, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही," रश्मी म्हणाली. "फक्त याला सहल म्हणू नको."

"अगं, तुमच्यासाठीच तर—"

"आमच्यासाठी नाही. आम्ही सोबत."

अशा वेळी कोण बरोबर हे ठरवायला मी बसत नाही. एकट्या माणसाला दुरुस्त करून घर दुरुस्त होतं यावर माझा विश्वास नाही. घरातली वाटणी कुठे अडली आहे ते मी शोधते. म्हणून मी म्हटलं, "पुढच्या वेळी बेत कागदावर आणा."

मनीष लॅपटॉपच घेऊन आला. अकरा दिवसांचा तक्ता. शर्यतीच्या रकान्यात तासाला किती ग्रॅम कार्बोहायड्रेट, किती मिलिलिटर पाणी, टायरमध्ये हवा किती, सगळं. घरच्यांसाठी वेगळा रकाना होता. सकाळी सात ते रात्री दहा, पंधरा खाने एकत्र जोडून केलेला एकच उभा पिवळा चौकोन, आणि त्यात एक शब्द: 'चिअरिंग'.

रश्मी त्या चौकोनाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "या पंधरा तासांत तू आम्हाला किती वेळ दिसशील?"

प्रश्न टोमण्याचा होता. पण मनीष आकड्यांचा माणूस, त्यानं तो गणिताचा समजला. पेन घेतलं आणि लिहायला लागला. पोहण्याचे शेवटचे काहीशे मीटर लेंड कालव्यातून असतात, काठावरून माणसं दिसतात, पण शेकडो जण सारख्याच टोप्या घालून पोहत असतात, म्हणजे ओळखू येणार नाही: शून्य. पाण्यातून निघून सायकलींकडे पळताना, दहा सेकंद. सायकल घेऊन निघताना, पाच. मग सव्वासात तास काहीच नाही. धावण्याचा मार्ग त्याच भागातून पुन्हा पुन्हा जातो, म्हणून चार वेळा, दर वेळी वीस सेकंद. शेवटच्या कमानीपाशी पंचवीस.

बेरीज त्यानं दोनदा केली. "एकशेवीस," तो म्हणाला. मग हळूच, "दोन मिनिटं."

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. हे गणित मला पहिल्याच भेटीत मांडून देता आलं असतं. मुद्दाम दिलं नाही. समुपदेशकानं काढून दिलेलं उत्तर माणूस घरी नेतो आणि कपाटात ठेवतो. स्वतःच्या हातानं लिहिलेला आकडा त्याला खोडता येत नाही. मनीषनं तो पिवळा चौकोन रिकामा केला आणि लॅपटॉप रश्मीकडे सरकवला. "तूच भर." इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच वाट्याला येतात. त्या दिवशी मी पुढचं काही बोललेच नाही.

दुसरी गाठ आईंची. रश्मी म्हणायची, "आईंना यायचंय, त्यांचं मन कसं मोडू?" मनीष म्हणायचा, "आई खूश आहे." मी त्यांनाच बोलावलं. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मले कोणी विचारलंच नाही बाप्पा. सून दोन पोरं घेऊन एकटी परदेशात कशी सांभाळेल, म्हणून मी हो म्हणून राहिली. माझे गुडघे दिवसभर उभं राहाचे राहिले का आता?" म्हणजे सून सासूसाठी नेत होती, सासू सुनेसाठी जात होती आणि मुलगा दोघींसाठी तिकिटं काढत होता. जायचं कुणालाच नव्हतं. आई अमरावतीला बहिणीकडे राहतील असं पाच मिनिटांत ठरलं.

तिसरी ओमची. मनीषनं त्याला शब्द दिला होता, शेवटची रेघ आपण दोघं हात धरून ओलांडू. मी एवढंच विचारलं, "नियमपुस्तिका वाचलीत?" घरी जाऊन वाचली. आयर्नमॅनच्या शर्यतीत घरच्यांना शेवटच्या मार्गिकेत उतरता येत नाही, उतरले तर स्पर्धक बाद होऊ शकतो. जर्मनीतल्या रोथच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्यात घरचे सोबत धावतात, तिथले फोटो बघून बऱ्याच जणांचा हा गैरसमज होतो. पोराला हे नागपुरातच, महिनाभर आधी सांगायला हवं. तिथं रात्री दहाला, झोपेला आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला कुंपणाबाहेर थांबवून सांगायची ही गोष्ट नाही.

आता ज्यांच्या घरी हाच वाद चालू आहे त्यांच्यासाठी, या घरानं काय ठरवलं ते थोडं सविस्तर.

पहिलं काम कॅलेंडरवर रेघ मारण्याचं. शर्यत रविवारी, तर रेघ सोमवारी दुपारी. रेघेच्या आधी जे दिवस आहेत ते शर्यतीचे, ते उघडपणे त्याचे. त्यांना सहल म्हणायचं नाही, म्हणजे 'तू आमच्याबरोबर येत का नाहीस' हा प्रश्नच उरत नाही. रेघेनंतरचे दिवस घरच्यांचे, तिथं घड्याळातले किलोमीटर बघायचे नाहीत. बहुतेक जण उलट करतात. विमान व्हिएन्नाला उतरतं म्हणून आधी व्हिएन्ना बघून घेतात, राजवाड्यांच्या फरशीवर दोन दिवस पाय तुडवतात आणि मग चिडचिडत शर्यतीच्या गावी पोचतात. आधी थेट क्लागेनफुर्ट, बुधवारपर्यंत पोचायचं. शर्यतीनंतर दोन दिवस त्याला जिना उतरणं जड जातं, म्हणून सोमवार-मंगळवार तलावातली बोट किंवा पिरामिडेनकोगेलचा मनोरा, कारण तिथं लिफ्ट आहे. व्हिएन्ना त्यानंतर. परतीचं विमान सोमवारचं काढूच नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना आठ-दहा तास एका जागी बसणं पायांतल्या रक्ताच्या गुठळीला आमंत्रण असतं.

कागदपत्रांचा क्रम चुकला की पैसे जातात. आधी सगळ्यांचे पासपोर्ट तपासा. मुलांचा पाच वर्षांचाच असतो आणि तोच नेमका संपलेला निघतो. परतल्यावरही तो किमान तीन महिने चालू असायला हवा. ऑस्ट्रियासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा लवकर भरतात, त्यामुळे वाट बघू नये. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घ्या. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण साध्या प्रवास विम्यात स्पर्धेतली दुखापत बरेचदा वगळलेली असते. सगळ्यांची एकच पॉलिसी काढली की नेमका शर्यतीतला माणूसच उघड्यावर राहतो. त्याचं खेळाचं संरक्षण वेगळं मागा.

खोली दोन बेडरूमची, स्वयंपाकघर असलेली घ्या. स्पर्धक पहाटे साडेतीनला उठून भात नाही तर पाव खाणार, दिवा लावणार, चार वेळा बाथरूमला जाणार. मुलं त्याच खोलीत असतील तर तीही उठतात आणि दिवसभर किरकिर करतात. फोडणी जपून, धुराचा भोंगा वाजतो. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा तुपाचा डबा आणि खव्याची संत्रा बर्फी घरीच ठेवा. मेतकूट, पोहे, कोरड्या चटण्या न्या. आणि लक्षात ठेवा, ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहानंतर दुकानं बंद होतात ती थेट सोमवारी उघडतात. शर्यत रविवारी. दूध, पाव, केळी शनिवारी दुपारीच घरात हवीत.

सायकलच्या पेटीचा विचार घरच्यांनीही करायला हवा, कारण ती पाचव्या माणसाइतकी जागा खाते. कडक पेटी रिकामीच दहा-बारा किलोची, सायकल आठ-नऊची, तेवीस किलोच्या मर्यादेत दोन ते पाच किलो उरतात. तिथं पोरांचे कपडे कोंबले की विमानतळावर सगळं उघडावं लागतं. ती पेटी आणि चार माणसं साध्या टॅक्सीत मावत नाहीत, मोठी गाडी आधीच सांगून ठेवा. बांधाबांध मनीषनं दोन आठवडे आधी रश्मीसमोर एकदा करून बघितली: सीटच्या दांड्यावर उंचीची चिकटपट्टी, डाव्या पेडलचे आटे उलटे, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून फ्रेमच्या आत गुंडाळलेला, डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची चकती. ती चकती विसरली आणि प्रवासात ब्रेकचा दांडा दाबला गेला की पिस्टन आत येऊन चिकटतात, मग शर्यतीच्या आदल्या दिवशी मेकॅनिक शोधत फिरावं लागतं. डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, एक जादा सोबत हवाच. टायरमध्ये हवा भरायची कार्बन डायऑक्साइडची नळकांडी सुरक्षा तपासणीत अडकू शकतात, ती तिथं घ्यावीत.

आणि तो पिवळा चौकोन. रश्मीनं असा भरला: सकाळी सुरुवात बघायला कुणीच जाणार नाही, झोपणार. सायकलच्या सव्वासात तासांत मिनिमुंडस. जगभरच्या इमारतींच्या पंचविसाव्या हिश्शाच्या प्रतिकृतींची ही बाग तलावाच्या काठाजवळच, शर्यतीच्या भागातच आहे, त्यामुळे रस्ते बंद असले तरी पायी जाता येतं. दुपारी झोप. संध्याकाळी पाचनंतर धावण्याच्या मार्गावर एकच जागा ठरवून दोन वेळा बघायचं, मग जेवण, मग शेवट. नागपुरात बेचाळीस-पंचेचाळीस अंश सोसून गेलेल्या मुलांना तिथं रात्री दहाला स्वेटर लागतो आणि जूनमध्ये तिथं पाऊसही येतो.

मोबाइलवर तो कुठे आहे ते दिसतं, पण नीट समजून घ्या. रस्त्यावर ठरावीक जागी वेळ नोंदवणाऱ्या चटया असतात, पायातल्या चिपची नोंद तेवढ्याच जागी होते. मधला सरकणारा ठिपका हा आधीच्या वेगावरून केलेला अंदाज. पंक्चर झालं तरी ठिपका पुढे जात राहतो, मग चटई येते आणि नोंद येत नाही. इथं घरच्यांचा जीव जातो. ठरवून ठेवा: पाऊण तास वाट बघायची, मग त्याचा क्रमांक घेऊन माहितीच्या तंबूत जायचं. त्याला फोन करायचा नाही, तो त्याच्याकडे नसतो. आणि दिसला तर केळं पुढे करायचं नाही, बाजूनं पळायचं नाही. बाहेरची मदत नियमात बसत नाही, शिक्षा त्याला होते.

शेवटचं बोलणं मीच लावून धरलं. पूर्ण झालं नाही तर? एकूण वेळ साधारण सतरा तासांची, काही ठिकाणी सोळा, आणि पोहण्या-सायकलीच्या वेगळ्या मर्यादा. मनीष म्हणाला, "तसं होणार नाही." मी म्हटलं, "मग सांगायला काय हरकत आहे?" बराच वेळ गेला. "मला समजवू नका," तो म्हणाला. "तासभर कुणी काही बोलू नका. आणि व्हिएन्ना रद्द करू नका." ती तीन वाक्यं रश्मीनं डायरीत लिहून घेतली.

लागली नाहीत. शर्यत पूर्ण झाली, नागपुरात तेव्हा रात्रीचा दीड वाजून गेला होता आणि अमरावतीत आई जाग्या होत्या. ऑगस्टमध्ये दोघं भेटायला आले. मनीष आता कझाकस्तानातल्या अस्तानाच्या शर्यतीचं बोलत होता. रश्मीनं पर्समधून छोटं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि पेन त्याच्या हातात दिलं.

"रेघ कुठे?"