कॅप्टनसाहेबांचे कपडे धुवायचे कोणी?

मागच्या अंकात बोलता बोलता मी एक वाक्य टाकून दिलं होतं, की बॉयकॉट हे मुळात एका माणसाचं आडनाव आणि तो आयर्लंडमधल्या एका खेड्याशेजारी राहायचा. बस्स, एवढंच. त्यावर इतके मेल आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्या खेड्यालाच देऊन टाकतेय. लोणच्याला बुरशी का येते ते पुढच्या वेळी, रागावू नका.

प्रश्न (सातारा): ताई, बॉयकॉट नावाचा माणूस खरंच होता का, की हे पण व्हॉट्सअ‍ॅप युनिव्हर्सिटीतलं? आणि असेल तर त्याने असं काय केलं होतं?

होता हो, चांगला हाडामांसाचा. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट, जन्म 1832 चा, इंग्लंडमधल्या नॉरफोकचा. तरुणपणी थोडे दिवस लष्करात होता, कॅप्टन व्हायच्या आधीच बाहेर पडला, पण लोक कॅप्टन म्हणायचे आणि यानेही कधी नको म्हटलं नसावं. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो नावाची काउंटी आहे, काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा. तिथे लॉख मास्क हे मोठं थोरलं तळं, त्याच्या काठावर याचा बंगला. जमिनीचा मालक लॉर्ड अर्न, तो राहायचा लांब दुसऱ्या काउंटीत, आणि बॉयकॉट त्याचा कारभारी. कुळांकडून खंड वसूल करायचा, नाही दिला तर नोटीस, तरी नाही दिला तर घराबाहेर काढायचं. शिवाय स्वतःही मोठी जमीन भाड्याने घेऊन कसायचा. जवळचं खेडं द नील. हो, नावातच 'द' आहे, तिथले लोक तो गाळत नाहीत. आणि बाजाराचं गाव बॅलिनरोब, पाच-सहा किलोमीटरवर.

आता 1879 ला पीक बुडालं. बटाट्याचा मोठा दुष्काळ होऊन जेमतेम तीस वर्षं झालेली, घराघरात त्याच्या आठवणी होत्या, त्यामुळे लोक घाबरले. 1880 ला कुळं म्हणाली खंडात 25 टक्के सूट द्या, लॉर्डसाहेब म्हणाले 10 देतो. कुळं अडून बसली. मग 22 सप्टेंबरला बॉयकॉटने पोलीस बरोबर देऊन बेलिफ पाठवला नोटिसा बजावायला. त्याने तीन घरांत नोटिसा दिल्या आणि पुढच्या घरी बाईने घ्यायला साफ नकार दिला, आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या आणि चिखल, शेण, दगड जे हाताला लागेल ते सुरू झालं. बेलिफ पळत सुटला तो थेट बॉयकॉटच्या बंगल्यात. (मला या सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात आवडतो. इतिहासात नावं पुढाऱ्यांची राहतात आणि शेण मारलेलं असतं बायकांनी.)

दुसऱ्या दिवशी जमाव बंगल्यावर गेला आणि नोकरांना म्हणाला निघा. नोकर निघाले. आता ते सगळे हसतखेळत, मनापासून गेले असं नाही, दमदाटी होती, काहींना भीती वाटली म्हणून गेले, ते लपवण्यात अर्थ नाही. पण बॉयकॉटला कोणी हात लावला नाही. फक्त लोहार घोड्यांना नाल मारेना, धोबीण कपडे घेईना, पोस्टाचा पोरगा पत्रं आणेना, बॅलिनरोबचे दुकानदार सामान देईनात. शेतात बटाटे, बीट, टर्निप सगळं तयार आणि काढायला माणूस नाही. तीनच दिवस आधी, 19 सप्टेंबरला, एनिस गावच्या सभेत चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल या पुढाऱ्याने हेच सांगितलं होतं, की जो दुसऱ्या कुळाची हिसकावलेली जमीन घेईल त्याला रस्त्यात, दुकानात, चर्चमध्ये सुद्धा एकटं पाडा, पूर्वी महारोग्याला पाडायचे तसं. त्याने सांगितलं होतं जमीन घेणाऱ्याबद्दल, या लोकांनी ते लावलं कारभाऱ्याला.

मग बॉयकॉटने लंडनच्या टाइम्सला पत्र लिहिलं आणि गल्लीतलं भांडण दिल्लीत गेलं म्हणतात तसं झालं. उत्तरेकडच्या कॅव्हन आणि मोनाहन या काउंट्यांमधून 50 स्वयंसेवक आले पीक काढायला, प्रोटेस्टंट, मालकांच्या बाजूचे. या 50 लोकांच्या संरक्षणाला जवळजवळ हजारभर सैनिक आणि पोलीस. नोव्हेंबरचा पाऊस, रेल्वे क्लेअरमॉरिसपर्यंतच, तिथून पुढे चालत, कारण त्यांना गाडी द्यायला एक माणूस तयार नाही. दोन आठवडे बंगल्याच्या आवारात तंबू ठोकून, चिखलात उभं राहून त्यांनी साधारण 500 पौंडांचं पीक काढलं आणि त्यासाठी सरकारचे आणि इतरांचे मिळून खर्च झाले 10,000 पौंड. एका टर्निपमागे एक शिलिंग पडला अशी थट्टा पार्नेलने केली होती.

आणि नोव्हेंबरच्या शेवटी कॅप्टनसाहेब घर सोडून निघाले तेव्हा घोडागाडी हाकायला कोणी मिळेना म्हणून लष्कराच्या अँब्युलन्स गाडीतून त्यांना न्यावं लागलं.

प्रश्न (नागपूर): पण त्याच्या नावाचा शब्दच कसा झाला? असे खडूस कारभारी तर पुष्कळ असतील.

पुष्कळ होते, आणि बॉयकॉट त्यातला सगळ्यात वाईट होता असंही नाही, तापट आणि हट्टी होता एवढंच. शब्दाचं श्रेय जातं द नीलच्या पाद्रीबाबांकडे, फादर जॉन ओमॅली. जेम्स रेडपाथ नावाचा अमेरिकन पत्रकार त्यांच्याकडे जेवायला बसला होता आणि त्याला शब्द सुचत नव्हता. समाजातून बाहेर टाकण्याला इंग्रजीत जो जड ग्रीक वळणाचा शब्द आहे तो या शेतकऱ्यांच्या गळी उतरायचा नाही, मग काय लिहू? पाद्रीबाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, मग बॉयकॉट करणंच म्हणू की. ही हकीकत रेडपाथनेच लिहून ठेवलीय. त्याच वर्षी तो शब्द लंडनच्या पेपरात आला आणि पुढे फ्रेंच, जर्मन, कुठल्या कुठल्या भाषांत गेला. पंचवीस वर्षांनी, 1905 ला, बंगालच्या फाळणीनंतर तो आपल्याकडे घरोघरी पोचला, टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्याबरोबर बहिष्कार होताच.

गावातल्या माणसांना समजेल असा शब्द शोधणारा तो पाद्री मला मोठा संपादक वाटतो. आमच्याकडे असते असे तर मी अर्धी कॉपी कमी तपासली असती.

प्रश्न (बारामती, निवृत्त तलाठी): ताई, गावाने वाळीत टाकणं आपल्याला नवीन आहे काय? त्यात आयरिश लोकांनी वेगळं असं काय केलं?

काका, तुम्ही बारामतीचे आणि तुम्हीच विचारताय! तुमच्या शेजारी शिरूर तालुक्यात कर्डे गाव आहे ना, तिथे डिसेंबर 1874 मध्ये, म्हणजे बॉयकॉटच्या जवळजवळ सहा वर्षं आधी, हेच झालेलं. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांच्या कर्जाचा हुकूमनामा आणला आणि घर पाडायला निघाला. गाव चिडलं. सावकारांच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, त्यांच्या शेतात राबायचं नाही, न्हावी दाढी करणार नाही, परीट कपडे धुणार नाही, पाणी भरणार नाही. तंतोतंत तेच, फक्त शब्द नव्हता. मग लोण आजूबाजूच्या गावांत पसरलं आणि 12 मे 1875 ला तुमच्या सुप्याच्या बाजारात उठाव झाला, खतं, रोखे, वह्या जाळल्या. तो दख्खनचा दंगा. त्यानंतर चौकशी कमिशन बसलं आणि 1879 ला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. आयर्लंडला 1881 ला ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टनचा जमीन कायदा आला, खंड कोर्टाने ठरवायचा आणि खंड देणाऱ्याला हुसकायचं नाही. पुढे 1903 च्या कायद्याने सरकारी कर्ज देऊन कुळांना जमिनी विकत घेता आल्या. तुम्ही कुळकायद्याचे सातबारे फिरवलेले आहात, मी तुम्हाला काय सांगणार.

मजा अशी की दोन्हीकडे मागे कुठेतरी इंग्लंडच्या कापसाच्या गिरण्या आहेत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं, 1865 ला युद्ध संपलं, भाव पडले आणि वर सरकारने सारा वाढवला, शेतकरी अडकला. आणि आयर्लंडमध्ये ज्याने जमीन चळवळ उभी केली तो मायकेल डेविट, मेयोचाच, लहान असताना त्याचं कुटुंब घरातून काढलं गेलं, ते लँकेशायरला गेले, तिथे कापसाच्या गिरणीत अकराव्या वर्षी मशीनमध्ये सापडून त्याचा उजवा हात गेला.

पण वाळीत टाकणं आणि हे, यात फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बहुतेक वेळा वाळीत टाकलं गेलंय ते खालच्याला, वरच्याने. पाणवठ्यावर गेला, आवडीच्या मुलीशी लग्न केलं, पंचांचं ऐकलं नाही, टाका वाळीत. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 ला पेपर काढला त्याचं नावच 'बहिष्कृत भारत'. आणि गोष्ट जुनी झाली म्हणावं तर महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो 2016 चा, परवाचा. द नील आणि कर्ड्याला खालच्यांनी वरच्याला टाकलं. कपडे धुणाऱ्या बाईला त्या दिवशी कळलं असेल की साहेबाचं आपल्यावाचून अडतं, आपलं त्याच्यावाचून तितकं नाही. अर्थात ज्या नोकराला धमकावून बाहेर काढलं त्याला काय वाटलं असेल तेही लक्षात असू द्या.

प्रश्न (ठाणे): माझी मुलगी गॉलवेला नर्स आहे, आम्ही दोघं जूनमध्ये जातोय. हे गाव बघण्यासारखं आहे का?

जा की. गॉलवेहून गाडीने तासाभराचं अंतर आहे. फक्त बॉयकॉटचा बंगला बघायला म्हणून जाऊ नका, तो खाजगी आहे. द नीलला गंमत म्हणजे एक पिरॅमिड आहे, दगडाच्या पायऱ्यापायऱ्यांचा, अठराव्या शतकात तिथल्या जमीनदार घराण्याने हौस म्हणून बांधलेला. शेतात मधेच पिरॅमिड, पाच मिनिटं फोटो काढायचे आणि पुढे निघायचं.

मुक्काम करा पलीकडच्या काँगला. वस्ती दोनशेच्या आत, पण गावाकडे बघायला इतकं आहे की दिवस पुरत नाही. लॉख मास्क आणि लॉख कॉरिब या दोन तळ्यांच्या मधल्या अरुंद पट्टीवर वसलेलं, नावाचा अर्थही तोच. जुना मठ आहे, आयर्लंडचा शेवटचा मोठा राजा रोरी ओकॉनर राज्य सोडून तिथे राहिला आणि 1198 ला तिथेच वारला. भिक्षूंनी नदीवर छोटं दगडी घर बांधलंय, जमिनीला भोक, खाली पाणी, आत बसून मासे धरायचे. मला ते मठापेक्षा जास्त आवडलं. शिवाय 1951 ला जॉन वेन आणि मॉरीन ओहाराच्या पिक्चरचं शूटिंग तिथे झालं, गाव अजून त्याच्यावर जगतंय, त्याचे पुतळेबितळे आहेत, ते तुम्हाला आपोआप दिसतीलच.

चुकवू नका तो कोरडा कालवा. दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून 1848 ला दोन तळी जोडणारा कालवा खणायला घेतला. आपल्याकडची दुष्काळी कामं आठवा, खडी फोडायची आणि पोटापुरतं घ्यायचं. सहा वर्षं खणला, दगडी बांधकाम केलं, लॉक केले (म्हणजे बोटी वरखाली चढवायची पाण्याची दारं), आणि जमीन सगळी चुनखडीची, चाळणीसारखी, पाणी ठरेना. गाईड तुम्हाला सांगेल की पाणी सोडलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गायब झालं. गोष्ट छान आहे पण इंजिनिअर इतकेही भोळे नव्हते, जमीन गळकी आहे हे आधीच कळलं होतं, त्यात पैसे संपत आलेले आणि रेल्वे येत होती, म्हणून 1854 ला काम थांबवलं. हिवाळ्यात त्यात थोडं पाणी असतं, तुम्ही जाल तेव्हा बहुतेक गवत असेल. खाली उतरून चिऱ्यांवर हात ठेवून बघा, काय सुबक घडवलेत, आणि घडवणारे अर्धपोटी होते.

प्रश्न (ठाणे, त्याच वाचक, दुसऱ्या मेलमध्ये): तिथे इंग्लिश चालतं ना? आणि जूनमध्ये स्वेटर लागेल का?

चालतं, सगळीकडे. तळ्याच्या पश्चिम बाजूला टूरमॅकेडीकडे गेलात तर आयरिश भाषेचा पट्टा लागतो, तिथे रस्त्यावरच्या पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात, गोंधळू नका, गाडी मुलीला चालवू द्या. स्वेटर लागेल. छत्री नेऊ नका, वाऱ्याने उलटी होते, टोपीवाला रेनकोट घ्या.