दोन जोन आणि एक विल्यम

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

शेक्सपिअरची वंशावळ छापील चरित्रांवरून न उतरवता मूळ नोंदींवरून मांडण्याचे तू ठरवलेस, हे वाचून फार समाधान वाटले. सुरुवात अर्थातच त्याच्या गावच्या, स्ट्रॅटफर्डच्या, होली ट्रिनिटी चर्चच्या नोंदवहीपासून कर. मात्र ज्या एका ओळीसाठी सारे जग ती वही उघडते, तिच्यावरच थांबू नकोस.

प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी, असा आदेश राजा आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये काढला होता. स्ट्रॅटफर्डची उपलब्ध वही १५५८ पासून सुरू होते, आणि तिची सुरुवातीची पाने ही त्या शतकाच्या अखेरीस चर्मपत्रावर केलेली नक्कल आहे. २६ एप्रिल १५६४ ची लॅटिन नोंद एवढेच सांगते की जॉन शेक्सपिअरचा मुलगा विल्यम याचा बाप्तिस्मा झाला. तीत जन्मतारीख नाही आणि आईचे नावही नाही. २३ एप्रिल हा जन्मदिवस परंपरेने रूढ झालेला आहे; तुझ्या तक्त्यात बाप्तिस्म्याचीच तारीख लिही. त्याची आई मेरी आर्डन हिचे माहेर कळते ते तिच्या वडिलांच्या १५५६ च्या मृत्युपत्रावरून, म्हणजे चर्चच्या वहीबाहेरच्या कागदावरून.

आता भावंडांकडे वळ, कारण खरे शिक्षण तिथे आहे. सप्टेंबर १५५८ मध्ये जोन नावाच्या मुलीचा बाप्तिस्मा झालेला दिसेल आणि एप्रिल १५६९ मध्ये पुन्हा जोनचाच. पहिलीच्या दफनाची नोंद सापडत नाही; तरीही तेच नाव धाकटीला दिले, याचा अर्थ थोरली तोवर गेलेली होती. मार्गारेटचा बाप्तिस्मा डिसेंबर १५६२ मधला, दफन पुढच्याच एप्रिलमधले. विल्यम तीन महिन्यांचाही नसताना, जुलै १५६४ मध्ये, दफनांच्या नोंदींशेजारी ‘येथे प्लेग सुरू झाला’ अशा अर्थाचे तीन लॅटिन शब्द येतात. ते वाचल्यावर त्या घरात हे मूल जगले याचेच मला दर वेळी नवल वाटते.

वर्षांबाबत विशेष जपून राहा. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये अधिकृत वर्ष २५ मार्चला बदलत असे. विल्यमच्या मुलांचेच पाहा: थोरल्या सुझानाचा बाप्तिस्मा मे १५८३ मधला आणि हॅम्नेट-ज्युडिथ या जुळ्यांचा २ फेब्रुवारीचा, वहीच्या हिशेबाने १५८४ चा. हे ध्यानात न घेतल्यास दोन बाळंतपणांत नऊ महिनेही उरत नाहीत. आपल्या गणनेने ते वर्ष १५८५ आहे.

विल्यमच्या विवाहासाठी वूस्टरच्या बिशपच्या दप्तरात जावे लागेल. तिथे २७ नोव्हेंबर १५८२ च्या परवान्याच्या नोंदीत वधू टेंपल ग्राफ्टनची ॲन व्हेटली आहे, तर दुसऱ्या दिवशीच्या जामीनपत्रात स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे. या तफावतीतून काहींनी दुसरी प्रेयसीच उभी केली; मला ती लेखनिकाची चूक वाटते, आणि केवळ एका नोंदीच्या आधारे तू नवी व्यक्ती तक्त्यात घालू नयेस.

हॅम्नेटचे दफन ११ ऑगस्ट १५९६ ला झाले. पुढे १६७० मध्ये नात एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि विल्यमचा थेट वंश खुंटला. घराण्याची जी शाखा नंतरही चालू राहिली, ती हार्टांच्या घरी दिलेल्या बहिणीची, म्हणजे १५६९ च्या त्या दुसऱ्या जोनची.