मे महिन्यात क्रीम फुटते, इमल्सिफायर टाकू का?

प्रश्न: ताई, मी क्रीम घरीच बनवते, तीळतेल, मधमाशीचं मेण आणि गुलाबपाणी, बस. थंडीत छान राहिली पण मे लागला आणि तेल वेगळं, पाणी वेगळं. मैत्रीण म्हणते इमल्सिफायर टाक, पण ते केमिकल आहे न, माझी स्किन आधीच लाल होऊन राहिली.
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: टाका, पण सौम्य बघून टाका. इमल्सिफायर म्हणजे तेल आणि पाणी एकत्र बांधून ठेवणारा पदार्थ. मेणानं क्रीम घट्ट होते, तेल-पाणी धरून ठेवणं मात्र एकट्या मेणाला जमत नाही, जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेणासोबत टाकणखार असायचा तो त्यासाठीच. थंडीत मेण गोठून पाण्याचे थेंब अडकून राहतात, इथे पारा 45 वर गेला की मेण मऊ पडतं आणि थेंब सुटतात.

इमल्सिफायरच्या रेणूचं एक टोक पाण्यात रमतं, दुसरं तेलात, त्यामुळे ते तेलाच्या प्रत्येक बारीक थेंबाभोवती थर करून उभे राहतात आणि थेंब एकमेकांत मिसळत नाहीत.

आता लाल होण्याचं. एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट, शाम्पूला फेस आणणारा पदार्थ) यासारख्या कडक पदार्थाच्या टोकावर विद्युतभार असतो, तो त्वचेच्या प्रथिनांना चिकटतो आणि वरच्या थरातली चरबी सैल करतो, म्हणून जळजळ. सिटेरिल ऑलिव्हेट-सॉर्बिटन ऑलिव्हेटची जोडी किंवा सिटेरिल ग्लुकोसाइड, यांच्यावर भार नसतो, म्हणून ते त्वचेला कमी त्रास देतात. आणि प्लीज, लेबलवर नुसतं ‘नॅचरल’ वाचून घेऊ नका, एसएलएससुद्धा खोबरेल तेलापासून बनवतात!

100 ग्रॅमसाठी तेल 20, ऑलिव्हेटची जोडी 5, पाणी 74, प्रिझर्वेटिव्ह 1, सगळं काट्यावर मोजून, चमच्यानं नाही. तेलात इमल्सिफायर टाकून आणि पाणी वेगळ्या भांड्यात, दोन्ही 70–75 डिग्रीपर्यंत गरम करा, एकत्र करून हँड ब्लेंडर फिरवा, मग थंड होईपर्यंत हलवत राहा, घाई इथेच नडते. दोन्हींपैकी एक जरी गार असेल तर इमल्सिफायर गोठून दाणे पडतात. प्रिझर्वेटिव्ह 40 डिग्रीच्या खाली आल्यावर, आणि ते टाळू नका, कारण पाणी असलेल्या क्रीमला बुरशी लागते आणि इमल्सिफायर ती थांबवत नाही.

फुटलेली जुनी क्रीम फेकून द्या. नवीन आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा, आणि सध्याची लाली उतरेपर्यंत चेहऱ्याला काहीच नवीन लावू नका, उतरलीच नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.